कपाळावर ऐंशी मेणबत्त्या

कार्यालयातील तरुण मंडळींनी जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री कळसूबाई चढण्याचा बेत आखला आणि सोबत आणायच्या सामानाच्या यादीत ‘हेडटॉर्च अनिवार्य’ असे ठळक अक्षरांत लिहिले, तेव्हा विजेरी ही हातात धरायची वस्तू असते या समजुतीवर सत्तावन्न वर्षे काढलेल्या मला कपाळाला काय बांधावे, हा प्रश्न प्रथमच स्वतः सोडवावा लागला. (मुंडावळ्यांच्या वेळी मला कोणी विचारले नव्हते.)

दुकानातील मुलाने, “काका, ल्यूमेन किती हवेत?” असे विचारले. साबुदाणा किती भिजवावा हे मला घरातील माणसे मोजून सांगता येते. ल्यूमेनचा हिशेब मात्र कोणी शिकवला नव्हता. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्यूमेन असतो आणि पाऊलवाटेला दोनशे-तीनशे ल्यूमेन भरपूर होतात, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितलेही. परंतु शेजारीच १००० ल्यूमेनची विजेरी थोड्याच जास्त पैशांत मिळत होती, आणि भाजीवाल्याकडून वरची चार काड्या कोथिंबीर मागून घेणारा माणूस सातशे ल्यूमेन सोडून येणे शक्य नव्हते. खोक्यावर ‘४० तास’ असेही छापलेले होते. हे तास सर्वांत मंद उजेडाचे असतात आणि मूळ उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत ते मोजण्याची रीत आहे, हे मला नंतर समजले. नऊ हिस्से संपल्यावरही कागदोपत्री चालू राहण्याची ही कल्पना निवृत्तीला सहा महिने उरलेल्या मला अगदीच परकी वाटली नाही.

बारी गावातून निघाल्यावर पहिला दोष विजेरीचा नव्हे, माझ्या डोक्याचा निघाला. हेडटॉर्चचा पट्टा केसांच्या आधाराने बसतो, याची जाणीव टक्कल असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी करून देत नाही. त्यात मागच्या बाजूला जाडजूड बॅटरी असल्याने दर वीस पावलांनी दिवा आकाशाकडे वळे आणि सरळ करायला गेलो की नाकावर उतरे. शेवटी खाली रुमाल बांधला, तेव्हा तो टिकला. यानंतर कोणी माझ्याशी बोलू लागले की मी सभ्यपणे त्याच्याकडे वळून बघत असे आणि तो डोळ्यांवर हात घेऊन, “काका, खाली बघा!” असे ओरडत असे. पाचव्या ओरडण्यानंतर माझ्याशी बोलणेच बंद झाले, मात्र किड्यांची सोबत अखेरपर्यंत टिकली.

वाटेतली झाडे काजव्यांनी लुकलुकत होती. सर्वांनी दिवे मालवले. ज्यांच्याकडे लाल उजेडाची सोय होती त्यांनी ती लावली, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. माझ्या विजेरीत लाल दिवा नव्हता. एकच बटण होते, आणि ते दाबले की प्रखर, मध्यम, मंद अशी फेरी होऊन शेवटी संकटकाळी मदत मागण्याचा झगझगाट सुरू होई. नेमका तोच सुरू झाला. काजव्यांनी बहुधा नवा नातेवाईक समजून थोडा वेळ सहन केले असावे. माणसांनी केले नाही.

लोखंडी शिड्यांशी पोहोचेपर्यंत दाट धुके उतरले आणि माझ्या हजार ल्यूमेनची समोर पांढरी भिंत झाली. दिवा डोळ्यांच्या लगतच असल्याने धुक्याचे थेंब तो उजेड थेट डोळ्यांत परतवत होते. आमच्याबरोबर आलेले गावातले मामा मात्र दोन सेलची जुनी विजेरी गुडघ्याजवळ धरून निवांत चढत होते. त्यांनी मागे वळून फक्त, “सायेब, दिवा काढा, खाली हातात धरा,” एवढे सांगितले. तसे करताच शिडीच्या पायऱ्या सावलीसकट दिसू लागल्या. थोड्याच वेळात विजेरी तापली, आपसूक मंदावली आणि १६४६ मीटरवरच्या देवीचे दर्शन मी मामांच्या उजेडात घेतले.

ती विजेरी आता सौभाग्यवतींनी ताब्यात घेतली आहे. त्यांचा अंबाडा भरघोस असल्याने पट्टा तसूभरही सरकत नाही. त्या माळ्यावरचे डबे शोधतात, मधूनच खाली वळून, “शिडी नीट धरा हो,” म्हणतात, आणि मला शिडीही दिसत नाही, त्याही दिसत नाहीत; फक्त ऐंशी मेणबत्त्या दिसतात.