हरित गुंतवणुकीमुळे पेन्शन बुडते का?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील कामगारांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, पर्यावरणाच्या नावाखाली पीएफ आणि पेन्शनचे पैसे सौर-पवन प्रकल्पांत वळवले जात आहेत, त्यामुळे परतावा घटणार आणि त्यापेक्षा कोळशासारखे जुने, खात्रीचे उद्योगच बरे. आयुष्यभराच्या कमाईची काळजी रास्तच आहे. पण या संदेशातील एकेक विधान तपासून पाहिले पाहिजे.

पैसे वळवल्याचा दावा फार वेळ टिकत नाही. ईपीएफओ, म्हणजे कामगारांचा पीएफ सांभाळणारी सरकारी संघटना, हिचा बहुतांश निधी सरकारी व अन्य कर्जरोख्यांत असतो. शेअर बाजारात नव्या जमा रकमेच्या 15 टक्क्यांपर्यंतच जातो आणि तोही ईटीएफमार्फत, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांतून. ईपीएस-95 या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेची पेन्शन तर परताव्यावर ठरतच नाही. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागले की ती निघते. बाजाराची थेट झळ लागते ती एनपीएसच्या, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, खातेदाराला.

परतावा घटतो, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल आणि कोळसा कंपन्यांचे शेअर वधारले, तेव्हा त्यांना वगळणारे अनेक फंड मागे पडले. परंतु हरित, म्हणजेच शाश्वत, गुंतवणूक म्हणजे केवळ सौर पॅनेल नव्हे. कंपनीचा कारभार कसा चालतो, हे पाहणे हाही तिचाच भाग आहे, आणि निवृत्तीच्या पैशाला मोठा फटका तिथेही बसू शकतो. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या कंपनीच्या रोख्यांना 2018 च्या मध्यापर्यंत सर्वोच्च 'एएए' मानांकन होते. त्यावर विसंबून अनेक भविष्यनिर्वाह व पेन्शन निधींनी ते घेतले होते. काही आठवड्यांत कंपनी हप्ते थकवू लागली आणि 1 ऑक्टोबर 2018 रोजी सरकारला तिचे संचालक मंडळच बदलावे लागले. तिच्या शेकडो उपकंपन्यांतील कर्जाचे जाळे वेळीच तपासणे हे दानधर्माचे काम नव्हते, ती पैशाची राखण होती.

कोळसा खात्रीचा, हे तर नाशिकमध्ये कोणी म्हणू नये. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे 140 मेगावॉटचे दोन संच केव्हाच बंद झाले आणि उरलेले तिन्ही संच चार दशकांहून जुने आहेत. कोळसा कंपन्यांनी अलीकडे चांगला नफा दिला, हे खरे. मात्र आज पंचविशीत असलेल्या कामगाराची पेन्शन 2060 च्या सुमारास सुरू होईल आणि भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा) 2070 हे वर्ष जाहीर केले आहे, तेव्हा फंड व्यवस्थापकाने हा धोका आजच हिशेबात धरणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

फसव्या हिरव्या लेबलांबद्दलचा संशय मात्र योग्य आहे. डीडब्ल्यूएस या गुंतवणूक सांभाळणाऱ्या जर्मन समूहाच्या अमेरिकी कंपनीला अशाच दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल 2023 मध्ये 1.9 कोटी डॉलर दंड झाला. म्हणून एनपीएसच्या खातेदाराने लेबलावर न जाता आपल्या पेन्शन फंडाच्या संकेतस्थळावरील गुंतवणुकीची यादी वाचावी, आणि ती पटली नाही तर वर्षातून एकदा फंड बदलण्याची मुभा वापरावी.