साभार परत, शेऱ्यासकट

जुने संपादक निदान सभ्य होते. लेख नापसंत पडला की 'साभार परत' एवढीच छापील चिठ्ठी यायची, तीही आपणच जोडलेल्या पाकिटातून, आपल्याच तिकिटावर. का. र. मित्रांनी १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी लेखक त्या चिठ्ठीवर पोसले गेले असतील. आमचे संपादक मात्र चिठ्ठीवर भागवत नाहीत. सोलापुरात नव्या पेठेत चादरींच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. दिवाळीला अंक काढतात आणि जूनपासून लेखकांची सालं.

मी लेख मोबाइलवर पाठवतो. ते त्याची प्रिंट काढतात, लाल पेनानं झोडपतात आणि फोटो परत धाडतात. फोटोत कडेला त्यांचा अंगठा, कागदावर शेंगाचटणीचं तेल. एकदा ते तेल नेमकं माझ्या नायिकेच्या अश्रूंवर पसरलं होतं. शेजारी शेरा: 'इथे कुठं जरा ओलावा आला.'

गेल्या वर्षी प्रेमकथा दिली होती. सिद्धेश्वर तलावाच्या काठी नायक-नायिका पानंच्या पानं पावसात भिजतात. पहिल्याच पानावर समासात लाल अक्षरं: 'सोलापुरात एवढा पाऊस? उजनी धरणवाल्यांना कळवलं का?' दुसऱ्या पानावर: 'उपमा मोजल्या. ६८ भरल्या. सिद्धरामेश्वरांनी लिंगंसुद्धा तेवढीच स्थापली. आता आवरा.' आणि शेवटी हिशेब मांडलेला: 'उजनी ११७ टीएमसी, पैकी ६३ मृतसाठा. तुमच्या कथेत उपयुक्त साठा कुठाय, शोधतोय.'

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातली कळ कळायची नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. मृतसाठा (धरणाच्या तळाचं, दारातून आपसूक बाहेर न येणारं पाणी), उपसा, दुबार पंपिंग हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात.

साधं 'भिकार आहे' म्हटलं असतं तर आठवडाभर फुगून बसलो असतो. तो लेखकाचा हक्कच आहे. पण हा माणूस हसवून मारतो, त्यामुळे रुसायचीही सोय उरत नाही. तरी एकदा चिडून निषेधाचा लांबलचक मेसेज केला. त्याचीही प्रिंट निघाली. 'पहिला परिच्छेद काढा. राग तिसऱ्या ओळीपासून चांगला आलाय.' मी पुन्हा वाचून बघितलं. आला होता खरा.

त्यात ते शेरे चुकून घरच्या ग्रुपवर गेले. माझ्या कथा आजवर घरात कुणी शेवटपर्यंत वाचलेल्या नाहीत; शेरे मात्र सगळ्यांनी वाचले, पुण्याच्या मेहुण्यानंसुद्धा. बायको म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा हेच बरं लिहितात की ओ!" त्यानंतर घरात माझ्या बोलण्यालाही समास पडला. गड्ड्याच्या यात्रेतली जुनी आठवण सांगायला लागलो की आई भाकरी थापता थापता म्हणते, "आवर रे, अडुसष्ट झाले." पोराला गणितात कमी मार्क पडले म्हणून झापायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, साठा आहे. पण मृत आहे."

शेवटी कथा छापून आली. पाऊस साफ गेला होता. तलाव राहिला, नायिका राहिली, नायकाची दोन स्वगतं गेली (ती जायला नको होती, हे माझं मत आजही कायम आहे). आणि एवढ्या पावसाच्या जागी संपादकांनी आपल्या हातचं एकच वाक्य टाकलं होतं: 'ढग आले, सोलापूर बघितलं आणि तुळजापूरकडे निघून गेले.'

परवा पार्क चौकात चहाच्या गाड्यावर ओळखीचे एक निवृत्त मास्तर भेटले. लांबूनच हात वर केला. "काय लिहिलंय ओ! कथा आपली ठीकच आहे, पण ते ढगांचं वाक्य... वा! कसं सुचतं हो तुम्हाला?"

"सुचलं बघा," मी म्हटलं, "नळाची वाट बघत बसलो होतो."