भिंतीनं पूर थांबत नाही, खालच्या गावाला जातो

परवा मावसभावानं एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊ, हाई खरं शे का?" मेसेजचं मथळ्यातलं वाक्य 'पूर कायमचा संपवा'. म्हणणं असं: नदी खोल करा, दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घाला, काठचं मोकळं, पडीक रान बांधकामाला द्या, काठावरच्या झोपड्या उठवा. पूर येतो तो फक्त धरणवाल्यांच्या चुकीनं. आणि 'नदीला जागा द्या', म्हणजे काठची जमीन पुराला पसरायला मोकळी ठेवा, असं म्हणणारे शेतकऱ्याची जमीन गिळायला बसलेत. हा मेसेज याआधीही दोनदा आला होता, मी सोडून दिला. पण भावाचं घर गिरणा नदीकाठी आहे आणि त्याच्या गावच्या ग्रामसभेत भिंतीचा ठराव येणार आहे. आता गप्प बसवत नाही.

धरणाचं आधी उरकतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरत बुडालं. दरवाजे कधी उघडले, गावांना किती आधी कळवलं, हे विचारायलाच हवं. पण ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या घराघरांत शिरल्या, शेकडो जनावरं गेली, त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या. ते पाणी डोंगरावर कोसळलेल्या पावसाचं होतं. 'फक्त धरण' म्हणणाऱ्यांनी चाळीसगावच्या माणसाला एकदा विचारावं.

आता भिंत. सगळ्यात मोठं नुकसान हाच मुद्दा करणार आहे.

पूर आला की पाणी पात्र सोडून दोन्ही बाजूंच्या मळईवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, पसरतं. पिकात, झुडपात अडखळतं, थोडं मुरतं, उरलेलं सावकाश परत फिरतं. त्यामुळे खालच्या गावाला लोंढा उशिरा आणि कमी उंचीचा पोचतो. तेच पाणी भिंतीत कोंडलं की चढतं, जोरानं धावतं आणि भिंत जिथं संपते तिथल्या गावावर आदळतं. भिंत एकाच काठाला घातली तर समोरचा काठ बुडतो. शिवाय गावातल्या ओहोळाचं पाणी नदीत जायचं कुठून? ते भिंतीच्या आतच तुंबतं. खोलीकरणाचंही तसंच, गाळ पुन्हा येऊन बसतो, आणि वाळूचा थर उपसला की काठच्या विहिरी आटतात. ज्या गावाकडे पैसा आणि वजन आहे त्याची भिंत आधी होणार. पूर ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्या दारात जाणार. यालाच पूर संपवणं म्हणायचं का?

नदीला जागा देणं हे 'परदेशी खूळ' असंही मेसेजात लिहिलंय. मग परदेशाचंच बघू. बांध घालून समुद्र आणि नद्या अडवण्यात नेदरलँड्सइतका मुरलेला देश दुसरा नाही. १९९३ आणि १९९५ ला तिथल्या नद्या बांधांच्या काठोकाठ आल्या, १९९५ ला सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा परत दिली. नायमेगेन शहरासमोर, लेंटला, बांध ३५० मीटर मागे सरकवला आणि नदीला एक जादा पात्र खणून दिलं. त्यासाठी काही घरं पाडावी लागली, हे मी लपवत नाही. ओव्हरडिप नावाच्या भागात तर आराखडा शेतकऱ्यांनीच सुचवला: काहीजण मोबदला घेऊन दुसरीकडे गेले, उरलेल्यांनी मातीच्या उंच टेकाडांवर घरं आणि गोठे बांधले. शेती आजही चालू आहे. मोठा पूर आला तरच पाणी शेतात येतं.

जमीन गिळण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अक्कलकुवा-धडगावची गावं सरदार सरोवरात गेली, आणि पुनर्वसनासाठी त्या माणसांना किती वर्षं झगडावं लागलं ते खानदेशानं पाहिलंय. म्हणून नदीला जागा द्यायची तर अट पहिल्यापासून लिहून घ्या: जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहील, पूर पसरलेल्या वर्षी पिकाची भरपाई ठरल्या दरानं मिळेल, आणि शहर वाचतंय तर शहरानंही त्यात वाटा द्यावा.

काठचं रान पडीक असतं म्हणे. तापीकाठच्या रावेर-यावलच्या केळी कशावर उभ्या आहेत? नदीनंच आणून टाकलेल्या गाळावर. शिवाय पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत, थोडे अपवाद सोडले तर, बांधकामाला मनाईच आहे.

राहिली काठावरची वस्ती. याचा मला खरोखर राग आला. आमच्याकडे किती गावांत भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, नदीच्या अंगाला, सखल जागेत आहे, ते डोळ्यांनी बघा. उंचावरचं गावठाण आधीच वाटलं गेलं होतं, यांच्या वाट्याला हीच जागा आली. दर पुरात पहिली चूल त्यांची विझते. त्यांना हलवायचंच असेल तर आधी त्याच गावच्या शिवारात, उंचावर, नावावर जागा द्या. झोपडी पाडून त्याच जागी दुकानांचे गाळे उभे राहणार असतील तर तो पुराचा उपाय नव्हे.

भावा, ग्रामसभेत ठराव आला की एवढंच कर: खालच्या दोन गावांचे आणि पलीकडच्या काठाचे सरपंच बोलाव, भिलाटीतल्या बायांना पुढच्या रांगेत बसव, आणि इंजिनीअरला सगळ्यांसमोर विचार, भिंत बांधल्यावर हे पाणी कोणाच्या घरात जाणार.