वहीत नोंद, पेवात नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. उधारीवरचं चक्रवाढ व्याज काढणारा प्रोग्रॅम भाचा लिहून देईल, असं आईनं मला न विचारताच कबूल केलं. मी घरच्या मॅकवर सी भाषेत वीसेक ओळी लिहिल्या. पहिल्या झटक्यात चालल्या, तिथंच शंका यायला हवी होती.

दुकानातल्या पीसीवर लिनक्स. आधी चव दाखवावी म्हणून दोनाचा दहावा घात काढला. १०२४! मामांनी शेजारच्या अडत्यालाही बोलावून दाखवलं. मग दर आणि महिने बाहेरून घ्यायची सोय केली, तर स्क्रीनवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू पाऊ’.

"पाऊ म्हंजे?"

"पॉवर. घात, मामा."

"घात तर झालेलाच दिसतोय."

मघाचे दोन आणि दहा कोडातच लिहिलेले होते, त्यामुळं कंपायलरनं, म्हणजे कोडाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं, उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. तयार फंक्शनांच्या लायब्ररीकडं कुणी फिरकलंच नव्हतं. आता मामांना त्यांच्याच भाषेत समजावणं आलं.

"मॅथ डॉट एच म्हणजे तुमची वही. तिच्यात पाऊची नोंद आहे, म्हणून कंपायलर गप्प. लिंकर, म्हणजे लायब्ररीतला माल आणून कोडाला जोडणारा, हा हमाल. त्याला खरा माल लागतो, आणि गणिताचा माल इथं वेगळ्या पेवात असतो."

"हरिपूरला?" हळदीची जमिनीतली पेवं म्हटलं की मामांना हरिपूरच आठवतं.

मॅकवर हे पेव सिस्टिमच्या मोठ्या कोठारातच असतं, तिथं सांगावं लागत नाही. इथं कमांडमध्ये ‘-एलएम’, म्हणजे ‘गणिताची लायब्ररी जोड’, असं लिहावं लागतं. लिहिलं. पुन्हा तीच एरर! भडंगाची दुसरी पुडी संपता संपता उजेड पडला: मी ते फाईलच्या नावाआधी लिहिलं होतं. लिंकर डावीकडून उजवीकडं जातो. तो पेवापाशी पोचला तेव्हा कुणी काही मागितलेलंच नव्हतं. त्यानं तोंड लिंपलं आणि पुढं गेला. शेवटी टाकल्यावर व्याज निघालं.

"आता मुनीमजींच्या विंडोजवर टाक. आणि पैसे नकोत, पुरा रुपया दाखव."

जवळची पूर्ण संख्या देणारं राउंड हे फंक्शन सीच्या १९९९च्या मानकात आलं. मुनीमजींच्या पीसीवरच्या जुन्या कंपायलरला ती बातमी पोचलेली नव्हती. लिंकर पुन्हा हात हलवत परत.

मी डोकं धरलं. मामांनी स्क्रीनवरचे सदतीस पैसे बघितले, पेन उचललं आणि वहीत सरळ वरचा रुपया मांडला.

"मामा, राउंडनं ते सोडले असते."

"म्हणून तर ते आलं नाही," मामा म्हणाले आणि चहा सांगितला.