रोजचे लेखन आणि आयता चहा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘रोज थोडे तरी लिहावे’ या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, रोज लिहिण्याच्या अट्टहासाने पाने भरतात, लेखन होत नाही; लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ एका हिवाळ्यात लिहून काढले, त्यांना असल्या सवयीची गरज पडली नाही. शिवाय हा सल्ला ज्यांच्या हातात चहा आयता येतो त्यांच्यासाठी असून नोकरी, मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई सांभाळणाऱ्या आपल्यासारखीला तो केवळ अपराधी वाटायला लावतो. यांतला दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, म्हणून पहिल्याचे आधी आटोपते.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने, सुमारे पाच महिन्यांत तो ग्रंथ लिहिला हे खरे. पण एवढा मोठा ग्रंथ पाच महिन्यांत होतो तो रोज नेमाने बसल्यावाचून होत नाही. त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ ते ‘केसरी’चे संपादक होते आणि साप्ताहिकाचा अंक संपादकाला कधी स्फुरेल याची वाट पाहत थांबत नाही. तेव्हा हे उदाहरण आपल्यापेक्षा माझ्याच बाजूचे आहे. मात्र त्याच तुरुंगात टिळकांचा स्वयंपाक करायला एक कैदी दिलेला होता, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे.

खरे तर आपल्या बाजूचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे आहे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत असे आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे. रोजच्या लेखनाची महती सांगणारे सगळे हे सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात पुढचे आहे, ते सहसा कोणी सांगत नाही: त्याला पहाटे हाक मारून कॉफी आणून देण्यासाठी घरच्या जुन्या मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराला, वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. आपल्या यशाचे सर्वाधिक श्रेय ट्रोलोप त्या माणसालाच देतो. म्हणजे सवय ट्रोलोपची खरी, पण तिचा पहिला टप्पा दुसऱ्याच्या झोपेतून वजा झालेला आहे, आणि आपल्या घरांतून ती झोप बहुधा कोणाची असते हे आपल्याला मी सांगायला नको.

तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही, कारण त्याच ट्रोलोपची दुसरी एक रीत मला पहाटेपेक्षा मोलाची वाटते. बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचे लिहिलेले वाचून काढी. काल लिहिलेले असेल तर ते मनात अजून जागे असते; तीन आठवड्यांपूर्वीचे असेल तर ते परक्याचे वाटते, त्यात पुन्हा शिरण्यातच मिळालेली सवड संपते, आणि मग वही मिटली जाते. ज्याला सलग चार तास मिळतात त्याला हा खर्च परवडतो. ज्या बाईला पंधरा मिनिटे मिळतात तिला तो परवडत नाही, आणि म्हणूनच रोजचे लेखन सवड असलेल्यांपेक्षा सवड नसलेल्यांच्या अधिक कामाचे आहे.

माझी वही ओट्यावर, मिसळणाच्या डब्याच्या मागे असते. संध्याकाळी कुकर लावल्यापासून तो पडेपर्यंतचा वेळ माझा, हे घरात आता सगळ्यांना माहीत आहे. चार ओळी होतात, कधी दोनच, आणि कोपऱ्यांवर हळदीची बोटे उमटतात. झाकण उघडायची वेळ झाली की वाक्य पुरे करायच्या नादी लागत नाही. ‘आणि त्यामुळे’पाशी थांबते, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचे हा प्रश्न उरत नाही. यातले बरेच पुढे टाकून द्यावे लागते, हे आपले म्हणणे मान्य. पण एरवी टाकून द्यायलाही काही नसते.

अपराधीपणाबद्दल एक ठोस गोष्ट सांगते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना, न्याहारीनंतर किंवा अशाच एखाद्या ठरलेल्या प्रसंगी, एक लहानशी नवी कृती रोज करायला सांगून १२ आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला तेव्हा कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागतील असे दिसले, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. ‘एकवीस दिवसांत सवय’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. ते प्रयोग खाणेपिणे आणि व्यायामाचे होते, लेखनाचे नव्हेत, एवढे ध्यानात ठेवून मी त्यांचा आधार घेते.

सासूबाईंच्या औषधांच्या वेळा एका वहीत टिपता, असे आपण लिहिले आहे; तिचीच मागची पाने वापरून पाहावीत. ती वही दिवसातून अनेकदा हाती येते, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. आपल्या मनातली कादंबरी मात्र एवढ्यावर पुरी होणार नाही. तिच्यासाठी कधीतरी सलग दिवस लागतील, आणि ते घरातल्या इतरांनी औषधांची ती वही आपल्या हातात घेतल्याशिवाय मिळणार नाहीत. ही मागणी आपल्या यजमानांपुढे आताच मांडावी, असे मला वाटते.