हिरड्यांची पुरवणी

डॉक्टरीणबाईंनी खुणा केलेली बारीक सळई हिरडीत सरकवली आणि आकडे पुकारायला सुरुवात केली. "तीन, दोन, तीन. चार, पाच, चार." शेजारची मुलगी लिहून घेत होती. एका दाताभोवती 6 जागा, माझे दात 28 (अक्कलदाढा कधीच गेल्या, सोबत काय काय घेऊन गेल्या ते घरचे सांगतील), म्हणजे 168 आकडे! मोठा आकडा म्हणजे शाबासकी, ही शाळेपासूनची सवय. "सहा" ऐकून मी सुखावलो. मग कळलं, हे मिलिमीटर. दात आणि हिरडी यांच्यामधली फट तीनपर्यंत ठीक, पुढे तो खिसा. माझे इतके खिसे एकाच वेळी भरलेले आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. भरले होते जंतूंनी.

"ओझोनच्या पाण्यानं धुऊ या," बाई म्हणाल्या. मी हरखलो. नुसत्या चुळा भरून सुटका!

"स्केलिंगनंतर, म्हणजे किटण खरवडून काढल्यावर. ते दगडासारखं असतं, पाण्यानं जात नाही. ओझोन पूरक आहे."

पूरक! म्हणजे पुरवणी. मूळ उत्तरपत्रिका कोरी ठेवून नुसती पुरवणी बांधता येत नाही, हे मला परीक्षेतही उशिरा कळलं होतं.

मग ते यंत्र सुरू झालं. त्याचा आवाज कानातून न येता थेट कवटीतून येतो. तोंडात नळी, आरसा, आकडा आणि कापूस असताना बाईंनी विचारलं, "सुट्टीत कुठे जाणार?" मी "आं आं" म्हणालो. "वा, छान!" म्हणाल्या. कुठे जाणार आहे ते मला अजून कळलेलं नाही.

अखेर ओझोन आला. बारीक बोथट सुईतून प्रत्येक खिशात गार पाण्याची पिचकारी. वास झेरॉक्सच्या दुकानातला. 1840 मध्ये श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं या वायूचं नाव ग्रीकमधल्या 'वास येणे' या क्रियापदावरून ठेवलं ते उगाच नाही. शाळेत मी ओझोनच्या थराला पडलेल्या भोकावर कळकळीनं निबंध लिहिला होता. आज ओझोन माझ्या भोकांची चौकशी करायला आला, हा त्याचा मोठेपणा.

"एक बाटली घरी देता का?"

"घरी पोचेपर्यंत त्यातला बराचसा ओझोन साधा ऑक्सिजन झालेला असेल. आणि ओझोनचं यंत्र विकत घेऊन वायू हुंगत बसू नका, फुफ्फुसांना वाईट."

जंतूंच्या भिंती फोडणारा हा पहिलवान तासभरही टिकत नाही, हे ऐकून जरा आपुलकी वाटली. आधी चुळा भरायला दिलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं तसं नव्हतं. ते दातांवर तपकिरी सही करून जिभेची चव घेऊन गेलं होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा सळई, पुन्हा पुकारा. सहाचे चार झाले होते, पाचाचे तीन. मधल्या काळात मी रोज रात्री दातांच्या फटींत तो इवलासा ब्रशही फिरवत होतो, भीतीपोटी.

"बाई, हे ओझोननं झालं, स्केलिंगनं, की माझ्या ब्रशनं?"

मास्कच्या वरचे डोळे हसले. "तोंड उघडा."