‘एक ट्रॉफी मिळाली की जुना क्लब विसरतात’ हे खरं नाही

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगबद्दल एक दावा सतत फिरत असतो. सिडनीत स्थायिक झालेली, मुलांमुळे या तेरा-तेरा खेळाडूंच्या खेळाकडे वळलेली मराठी मंडळीही तो एकमेकांना पाठवतात. दावा असा: दोन क्लब एकत्र केले की चाहते थोडे दिवस आरडाओरडा करतात, नव्या क्लबाने एक विजेतेपद मिळवलं की सगळं विसरतात, पुढच्या पिढीला तर जुनी नावंही ठाऊक नसतात. शिवाय एकत्र आले नसते तर हे क्लब संपलेच असते, तेव्हा तक्रार कसली? पुरावा म्हणून 2005 सालच्या वेस्ट्स टायगर्सचं नाव पुढे केलं जातं. हा दावा चुकीचा आहे. त्यात पिढ्यान्‌पिढ्या एका मैदानाला धरून राहिलेल्या माणसांचा अपमानही आहे, आणि तो मला जास्त सलतो.

आधी 2005 बद्दल. वेस्ट्स टायगर्स हा क्लब 1999 मध्ये बालमेन टायगर्स आणि वेस्टर्न सबर्ब्स मॅगपाइज यांच्यातून तयार झाला. दोन्ही क्लब 1908 चे, म्हणजे सिडनीतली स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनचे. बालमेन ही बंदराकाठची, गोदी-कामगारांची वस्ती. तिथल्या संघाची 11 विजेतेपदं, शेवटचं 1969 चं. मॅगपाइजची चार, शेवटचं 1952 चं. 1987 मध्ये मॅगपाइजनी लिडकमचं मैदान सोडलं आणि शहराच्या पार नैर्ऋत्य टोकाला कॅम्पबेलटाउनला बिऱ्हाड हलवलं. त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांचे प्रशिक्षक रॉय मास्टर्स यांनी आपल्या पोरांना ‘फायब्रो’ म्हटलं होतं, म्हणजे सिमेंटच्या स्वस्त पत्र्यांच्या घरात राहणारे. आणि मॅनलीच्या श्रीमंत संघाला ‘सिल्व्हरटेल’, म्हणजे बडी मंडळी. ‘फायब्रो’ हे नाव मॅगपाइजच्या लोकांनी छाती पुढे काढून मिरवलं. अशा दोन वस्त्यांना एका जर्सीत बसवायचं होतं.

2005 च्या अंतिम सामन्यात या क्लबाने नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजला 30-16 असं हरवलं. बेंजी मार्शलने न बघता मागे टाकलेला तो पास आणि त्यावर पॅट रिचर्ड्सची ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) आजही दाखवली जाते. त्या रात्रीचा आनंद खोटा नव्हता, कुणीच तसं म्हणत नाही. पण आनंद झाला म्हणजे विसर पडला, हे कुठून काढलं? निष्ठा जर ट्रॉफीला बांधलेली असती, तर पुढची वर्षं काय सांगतात ते बघा. 2011 नंतर 2025 पर्यंत हा संघ एकदाही बाद फेरीत पोचला नाही. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं गुणतक्त्यात तळाला राहिला. दाव्याच्या हिशेबाने एव्हाना मैदानं ओस पडायला हवी होती. तरी बालमेनचं जुनं मैदान असलेल्या लाइकहार्ट ओव्हलच्या गवताळ उतारावर लोक येऊन बसतात, कारण तिथे त्यांचे आजोबा बसत. कॅम्पबेलटाउनलाही लोक येतात, त्यांच्या स्वतःच्या कारणांसाठी. क्लबाने सामने या दोन्ही ठिकाणी वाटून ठेवले, जर्सीत काळा, पांढरा आणि केशरी हे तिन्ही रंग ठेवले, नावात एकाचं ‘वेस्ट्स’ आणि दुसऱ्याचं ‘टायगर्स’ घेतलं. विसरलेल्या माणसांसाठी एवढा सांभाळ कुणी करत नाही.

‘पुढच्या पिढीला काही वाटत नाही’ हा मुद्दा तपासायला वुलनगाँगला जावं लागेल. सिडनीच्या दक्षिणेचं हे पोलादाचं आणि कोळशाचं गाव. तिथला इलवारा स्टीलर्स क्लब 1982 मध्ये मोठ्या स्पर्धेत आला. त्याने अंतिम सामना कधीच खेळला नाही. सर्वांत जवळ पोचला तो 1992 मध्ये, आणि एक पायरी आधी 4-0 असा हरला. हरवणारा संघ होता सेंट जॉर्ज. सहा वर्षांनी त्याच सेंट जॉर्जशी त्याचं विलीनीकरण ठरलं. नव्या क्लबाला टोपणनाव मिळालं ड्रॅगन्स, ते सेंट जॉर्जचं. जर्सीवर लाल ‘व्ही’ आला, तोही सेंट जॉर्जचाच. 1956 ते 1966 अशी सलग 11 विजेतेपदं मिळवलेल्या क्लबापुढे इलवाराचं फारसं काही चालणार नव्हतं हे समजतं. इलवाराच्या वाट्याला आलं ते ‘सेंट जॉर्ज इलवारा ड्रॅगन्स’ या नावाच्या मधलं आपल्या भागाचं नाव आणि काही घरचे सामने. 2010 मध्ये प्रशिक्षक वेन बेनेट यांच्या हाताखाली ड्रॅगन्स जिंकले, सिडनी रूस्टर्सना 32-8 हरवून. वुलनगाँगमध्येही जल्लोष झाला. पण तिथे किती सामने व्हायचे आणि सेंट जॉर्जच्या कोगरामध्ये किती, हा प्रश्न त्या ट्रॉफीने मिटवला नाही. 1992 नंतर जन्मलेली मुलंसुद्धा आपल्या गावाचा वाटा मागतात. त्यांना हे बापाकडून आलं आहे, आणि वाटा मागणं म्हणजे अडून बसणं नव्हे.

‘नाहीतर क्लब मेलेच असते.’ या मुद्द्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. बालमेन आणि मॅगपाइज दोघांकडेही पैसा नव्हता. मॅगपाइज 1998 आणि 1999 दोन्ही वर्षं तळाला होते. पण ही टंचाई आभाळातून पडलेली नव्हती. टीव्हीच्या हक्कांवरून मरडॉक आणि पॅकर यांच्या कंपन्यांत युद्ध पेटलं, 1997 मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, खेळाडूंचे पगार भडकले. तह झाल्यावर 1998 मध्ये 20 संघ उरले आणि ठरलं की 2000 पर्यंत 14 च ठेवायचे. म्हणजे भांडण एकांचं, भुर्दंड दुसऱ्यांना.

आणि दुसरा मार्गच नव्हता असंही नाही. साउथ सिडनीने कुणाशीही एक व्हायला नकार दिला. 1999 च्या अखेरीस त्यांना स्पर्धेबाहेर काढलं. क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स यांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली. 2000 च्या नोव्हेंबरातल्या मोर्चात सुमारे 80,000 लोक होते असा अंदाज आहे. 2001 मध्ये अपिलात निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 2002 मध्ये संघ परत मैदानात आला. पुढे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला, पण तोवर त्यांना हलवणं कुणाला शक्य राहिलं नव्हतं. 2006 मध्ये सभासदांनी मतदान करून 75 टक्के हिस्सा विकला आणि 25 टक्के स्वतःकडे ठेवला. 2014 मध्ये 43 वर्षांनी विजेतेपद आलं. प्रत्येक क्लबाला हे जमलं असतं असं मी म्हणणार नाही. ‘पर्यायच नव्हता’ म्हणणाऱ्यांनी मात्र साउथ्सचं नाव गाळू नये.

इंग्लंडमध्ये तर विलीनीकरण होण्याआधीच लोकांनी मोडून काढलं. 1995 मध्ये सुपर लीग या तिथल्या नव्या वरच्या स्पर्धेच्या योजनेत कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन या यॉर्कशरच्या खाणगावांचा मिळून ‘काल्डर’ नावाचा एक संघ करायचा होता. लोक इतके पेटले की कागद गुंडाळावा लागला. फेदरस्टोनने त्याची जबर किंमत मोजली, सुपर लीगमध्ये त्यांना जागा कधीच मिळाली नाही. ही किंमत डोळ्यांसमोर असूनही त्यांनी नाही म्हटलं, याला विसरभोळी भावनाशीलता म्हणणं मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा बेरजेचा: दोन क्लबांचे चाहते मिळून दुप्पट. याचं उत्तर नॉर्दर्न ईगल्सने दिलेलं आहे. मॅनली 1947 मध्ये स्पर्धेत आला तो नॉर्थ सिडनीचाच भाग तोडून. 2000 मध्ये या दोघांना परत जोडलं आणि सामने मॅनलीच्या ब्रुकव्हेल मैदानावर आणि उत्तरेला गॉसफर्डला ठेवले. तीन हंगामांत खेळ आटोपला. 2003 मध्ये मॅनली आपल्या नावाने परतला आणि 1908 पासूनचे नॉर्थ सिडनी बेअर्स वरच्या स्पर्धेतून बाहेर राहिले. त्यांचे चाहते मॅनलीकडे गेले नाहीत. ते नॉर्थ सिडनी ओव्हलवर खालच्या पातळीचे सामने बघत राहिले, लाल-काळी जर्सी घालून. आता पर्थच्या नव्या संघाला 2027 पासून जागा मिळते आहे, आणि त्याचं नाव बेअर्स आहे, रंगही लाल-काळेच. शहर कोऱ्या पाटीसारखं हाताशी असताना संयोजकांनी हे जुनं नाव का उचललं असेल? दोन दशकांहून अधिक काळ एकही मोठा सामना न मिळालेले लोक अजून तिथेच आहेत, हे त्यांना दिसत होतं.